आधी तळ बघा: बडोद्यात मातीचे प्राणी जमवू लागलेल्यांसाठी

माझ्या आत्याचं घर दांडिया बाजारात होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गौरीपुढे पायऱ्यांची आरास असायची. कलिंगडाचं कमळ, लाकडी बाहुल्या, पितळी हत्ती, काचेची बदकं, आणि खालच्या पायरीवर कडेला एक मातीचं मांजर. बसलेलं, दोन मुठींएवढं. मधासारखा तपकिरी रंग, पोटाशी हिरवट ओघळ, उजवा कान डाव्यापेक्षा मोठा. हातात घेतलं की वाटायचं त्यापेक्षा जड लागायचं.

घर विकलं गेलं तेव्हा ते मांजर माझ्याकडे आलं. उलटं करून पाहिलं तर सही नाही, शिक्का नाही, फक्त पेन्सिल जाईल एवढं एक भोक. आत्या तोवर गेली होती. ते कुणाकडून घेतलं, कुठल्या साली घेतलं, हे घरातल्या कुणालाही सांगता येईना. तेव्हापासून मी असे प्राणी आणि बाहुल्या जमवते आहे. माझा सुरुवातीचा बराच वेळ आणि थोडे पैसे चुकीच्या जागी गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे क्रमवार लिहिते आहे.

सुरुवातीला काय काय हवं

फार काही लागत नाही. घड्याळजी वापरतात तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग. एक लहान टॉर्च आणि नोटा तपासायला मिळते ती जांभळ्या प्रकाशाची, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. शिंप्याची टेप. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. जुन्या सुती पंचाचे तुकडे, वर्तमानपत्रं, बुटांची रिकामी खोकी. आणि एक जाड पुठ्ठ्याची वही. वहीचं महत्त्व शेवटच्या पायरीवर कळेल, पण विकत पहिल्याच दिवशी घ्या.

कागदपत्रांत एवढं सांभाळा:

- प्रत्येक खरेदीची पावती, साध्या कागदावर लिहिलेली असली तरी
- विकणाऱ्याच्या घरचा जुना फोटो ज्यात ती वस्तू दिसते, त्याची प्रत
- प्रदर्शनाची पत्रिका, जुनं बिल, खोक्यावरचं लेबल, असं जे मिळेल ते
- परदेशातून मागवलं असेल तर कस्टम्सची पावती आणि पार्सलवरचा कागद

१. आपण काय जमवतो आहोत ते ठरवा

‘जुनी मातीची खेळणी’ एवढंच मनात धरून बाजारात गेलात तर घर भरेल आणि संग्रह होणार नाही. ढोबळ तीन प्रकार ध्यानात ठेवा.

पहिला, कारखान्यातला माल. साच्यातून निघालेले, एकासारखे एक, चिनी मातीचे कुत्रे, मोर, परकरातल्या बाया. आपल्या गुजरातेत थानगढ, मोरबी, वांकानेर हा सगळा चिनी मातीचा पट्टा. थानगढला परशुराम पॉटरी उभी केली ती गणपुले या मराठी माणसानं, त्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांत त्या बरण्यांचं अजून कौतुक आहे.

दुसरा, कुंभाराची परंपरागत खेळणी आणि नवसाचे घोडे.

तिसरा, स्टुडिओ पॉटरी. इथे एकच माणूस, फार तर चार-पाच जणांचा गट, माती मळण्यापासून भट्टी उघडेपर्यंत सगळं करतो. इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच आणि जपानहून त्यांच्याबरोबर आलेले शोजी हमादा यांनी १९२० साली सेंट आइव्हज या गावी भट्टी बांधली, तिथून हा विचार पसरला. आपल्याकडे सरदार गुरचरण सिंग जपानमध्ये शिकून आले आणि १९५२ साली त्यांनी दिल्लीत दिल्ली ब्लू पॉटरी सुरू केली. सेवाग्रामला देवी प्रसाद यांनी चाक फिरवलं. आणि बडोद्यात १९५० पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी.

मी साधारण १९४५ ते १९७५ मधले, तिसऱ्या प्रकारातले प्राणी आणि माणसांच्या लहान आकृत्या जमवते. तुम्ही वेगळी रेघ आखा, पण आखा. ‘फक्त पक्षी’ किंवा ‘तळहातावर मावेल तेवढंच’ अशी रेघही चालते. रेघ असली की नजर लवकर तयार होते.

२. सहा महिने फक्त बघा

बडोद्यात राहणाऱ्याला हे सोपं आहे. सयाजीबागेतलं म्युझियम १८९४ चं. तिथल्या जपानी वस्तूंपुढे उभं राहून झिलई, म्हणजे ग्लेझ, मातीवरचा तो काचेसारखा थर, कशी ओघळते, कुठे थांबते ते पाहा. नंतर फाइन आर्ट्समध्ये विद्यार्थ्यांची वार्षिक प्रदर्शनं लागतात तेव्हा सिरॅमिक्सच्या खोलीत जा. कच्चं भांडं, एकदा भाजलेलं, आणि ग्लेझ लावून दुसऱ्यांदा भाजलेलं, असे तिन्ही टप्पे शेजारी शेजारी दिसले तर दहा लेख वाचून कळणार नाही ते कळतं. तिथल्या मुलांशी बोला. हाताला माती लागलेली असते आणि विचारलं की आनंदानं सांगतात.

बडोद्यात ज्यांनी हे रुजवलं त्यांची कामं डोळ्याखालून घाला. शिल्पकार शंखो चौधुरी इथे शिकवत, त्यांच्या पत्नी इरा चौधुरी भांडी घडवत. ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) मूळच्या कच्छ-मांडवीच्या. त्या शंखो चौधुरींकडे शिल्प शिकल्या, पुढे न्यूयॉर्कला ब्रुकलिन म्युझियमच्या कलाशाळेत सिरॅमिक्स शिकल्या, आणि परतून इथेच वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या. त्यांची मांजरं, घुबडं, पक्षी पाहिले की कळतं, प्राणी करायला सगळे केस आणि पिसं दाखवावी लागत नाहीत. पाठीची एक रेघ बरोबर आली की मांजर बसतं.

आणखी एक गोष्ट बडोद्याचीच. फॅकल्टीत ‘फाइन आर्ट्स फेअर’ भरायचा. १९६० च्या दशकापासून त्यात विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी, भांडी, बाहुल्या करून शहरातल्या लोकांना विकत. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा चित्रकार त्यासाठी खेळणी करत असे. इथल्या मध्यमवर्गीय घरांच्या शोकेसमध्ये बिनसहीचा एखादा सुंदर बैल किंवा पक्षी सापडतो, त्याचा उगम पुष्कळदा त्या जत्रेत असू शकतो. ‘असू शकतो’ एवढंच म्हणा. पुरावा मिळेपर्यंत त्यापुढे जाऊ नका.

३. वस्तू उलटी करा

समोरून सगळेच प्राणी गोड दिसतात. खरं काय ते तळाशी लिहिलेलं असतं. या पायरीवर घाई करू नका.

माती कोणती ते आधी. तळाला ग्लेझ नसलेली जागा शोधा आणि तिथे बोटानं पाण्याचा एक थेंब ठेवा. लगेच पिऊन टाकला तर ती कमी आचेवर, हजार अंशांच्या आसपास भाजलेली लाल किंवा पिवळट माती, म्हणजे टेराकोटा किंवा अर्दनवेअर. थेंब तसाच राहिला तर स्टोनवेअर, बाराशे ते तेराशे अंशांवर भाजलेलं, दगडासारखं घट्ट. पांढरंशुभ्र, आणि पातळ कडेला टॉर्च लावल्यावर उजेड पलीकडे दिसतो, ते पोर्सेलिन. आत्याचं मांजर जड का लागायचं ते मला या थेंबानं सांगितलं. पाणी तसंच राहिलं. स्टोनवेअर.

थेंब ठेवण्याआधी विकणाऱ्याला विचारा. न विचारता केलं की चिडतात, आणि चिडणं बरोबरच आहे.

मग हात शोधा. पोकळ प्राण्याला कुठेतरी भोक असावंच लागतं. नाहीतर आत कोंडलेली हवा आणि वाफ भाजताना तो फोडते. त्या भोकातून टॉर्च मारा. आत बोटांचे दाब, मातीच्या पट्ट्या जोडल्याच्या कडा दिसल्या तर हातानं घडवलेलं. आडव्या गोल वळ्या दिसल्या तर अंग चाकावर उचललेलं आणि डोकं, पाय नंतर जोडलेले. आतून सगळीकडे सारखीच जाडी, गुळगुळीत, आणि बाहेर कुशीवरून जाणारी एक बारीक शिवण असेल, तर पातळ माती साच्यात ओतून काढलेलं. ती शिवण पुसलेली असते, पण पायांच्या मधल्या भागात आणि कानामागे भिंगाखाली सापडते.

साचा म्हणजे वाईट असं नाही. स्वीडनमध्ये लिसा लार्सन यांनी गुस्तावस्बर्ग कारखान्यासाठी केलेले प्राणी साच्यातलेच, आणि जगभरचे संग्राहक ते जपून ठेवतात. पण साच्यातली वस्तू हातानं घडवलेली म्हणून विकली जात असेल तर किंमत वेगळी असायला हवी.

भाजणीच्या खुणा. तळालाही पूर्ण ग्लेझ असेल तर तिथे टाचणीच्या टोकाएवढे तीन ठिपके शोधा. वस्तू भट्टीत फळीला चिकटू नये म्हणून ती तीन टोकांच्या तिवईवर ठेवतात, तिचे ते व्रण. स्टोनवेअरला बहुधा तळ कोराच ठेवतात, कारण त्या आचेला वितळलेलं ग्लेझ फळीला घट्ट बसतं. कोऱ्या तळाच्या कडेला ग्लेझ जिथे संपतं तिथे तांबूस किंवा नारिंगी झाक दिसते का पाहा. ती झाक रंगवून आणणं कठीण असतं.

रंग कुठून आला? खरं ग्लेझ काचेसारखं असतं. उंचवट्यावर, कानांच्या टोकांवर, नाकावर पातळ होतं आणि खालची माती डोकावते, खळग्यात साचून गडद होतं. लोखंडाचा अंश असलेलं तेच ग्लेझ भट्टीत हवा भरपूर असताना मधासारखं पिवळं-तपकिरी येतं आणि हवा कोंडली की हिरव्या-निळ्या झाकेचं. तांबं हवेत हिरवं, कोंडलेल्या भट्टीत लाल. हे पाठ करायची गरज नाही. दहा-बारा तुकडे हाताळलेत की रंग पाहून भट्टी सुचायला लागते, आणि या छंदातला माझा सगळ्यात मोठा आनंद तोच आहे.

सही. सगळ्यात शेवटी सही. ओल्या मातीत कोरलेल्या अक्षरांच्या कडेला माती किंचित वर उचललेली असते आणि ती कडही भाजलेली असते. भाजून झाल्यावर टोच्यानं कोरलेल्या अक्षरांच्या कडा खडबडीत, भुरभुरीत आणि आतली माती ताज्या रंगाची दिसते. ग्लेझवर काळ्या मार्करनं लिहिलेलं नाव नखानं निघतं. या दोन्ही ‘सह्या’ मी पाहिल्या आहेत, एक तर पैसे देऊन.

माझ्या मांजराला पाहून आजवर पाच-सहा जणांनी ‘हे ज्योत्स्नाबेनचंच’ असं ठामपणे सांगितलं. बडोद्यात मांजर दिसलं की तेच नाव ओठांवर येतं. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी तसं लिहीत नाही, तसं सांगत नाही. तुम्हीही ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. एका मोठ्या कलावंताच्या नावावर न केलेली वस्तू चिकटवणं हा तिच्यावरही अन्याय, आणि ज्या अनाम विद्यार्थ्यानं ती खरंच घडवली त्याच्यावरही.

४. परदेशी वस्तू हाती आली तर

बडोद्यात हे वरचेवर घडतं. कुणाचे आजोबा विलायतेला शिकलेले, कुणाची मावशी कोपनहेगनला राहिलेली. काही खुणा ओळखीच्या करून ठेवा.

लीच यांच्या वस्तूंवर त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांचा आणि सेंट आइव्हजचा असे दाबून उमटवलेले शिक्के येतात. इंग्लंडच्याच ऑक्सशॉट पॉटरीत डेनिस रेन आणि त्यांची मुलगी रोझमेरी रेन काम करत. आईचे हत्ती आणि मुलीचे हातानं घडवलेले पक्षी-प्राणी हा प्राणी जमवणाऱ्यांचा खास विषय आहे. रेन हे एका चिमुकल्या पक्ष्याचंही नाव, आणि रोझमेरींचा शिक्का म्हणजे तोच पक्षी. गुस्तावस्बर्गची खूण नांगर, आणि तिथल्या स्टुडिओतल्या वस्तूंवर हाताचा पंजा. इटलीच्या बितोस्सी कारखान्यासाठी आल्दो लोंदी यांनी केलेले निळे-हिरवे, छापे मारलेले बैल, मांजरं, घोडे यांच्या तळाशी बहुतेक वेळा हातानं लिहिलेला आकडा आणि ‘इटली’ एवढंच असतं.

एक उपयोगाची गोष्ट जपानी वस्तूंबद्दल. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं लिहिलेलं असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकी ताब्यात असतानाची. तो ताबा १९५२ साली संपला. असे चिनी मातीचे लहान कुत्रे इथल्या जुन्या शोकेसमध्ये निघतात. ते कारखान्यातले आहेत, स्टुडिओतले नाहीत, पण साल इतकं नेमकं सांगणारी वस्तू हाताशी असावी. मी एक ठेवला आहे.

फसगत होते ती पुनर्निर्मितीत. लोकप्रिय नमुने नंतरही निघत राहतात. लिसा लार्सन यांचे प्राणी त्यांच्या १९९२ साली सुरू झालेल्या छोट्या कार्यशाळेतूनही निघाले आहेत. ते खोटे नाहीत, पण १९५५ चे नाहीत. खूण नीट वाचा आणि मगच पैसे मोजा.

५. कुठे शोधायचं

घरातून सुरुवात करा. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली जुनी घरं पाडून फ्लॅट होत आहेत. घर रिकामं करताना भांडी, फर्निचर, देव यांची वाटणी होते. शोकेसमधल्या मातीच्या वस्तू ‘घेऊन जा कुणीतरी’ या ढिगात जातात. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना सांगून ठेवा की टाकण्याआधी मला एक फोन करा. चैत्रातलं हळदीकुंकू आणि भाद्रपदातल्या गौरी या दोन वेळा कपाटातल्या वस्तू बाहेर येतात. आमंत्रण आलं की जरूर जा. आणि तिथे विकत मागू नका. नुसतं विचारा, ‘काकू, हे हरिण किती जुनं हो?’ गोष्ट ऐका. वस्तू कधीतरी येईल, न आली तरी गोष्ट मिळते.

बाजार. शहरातला शुक्रवारी बाजार, अहमदाबादेत साबरमतीच्या काठी भरणारा रविवारचा गुजरी बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की डोळे थकतात आणि ग्लेझची चमक फसवते. बडोद्यात एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल: ‘बेन, आ तो पेलेसनुं छे.’ राजवाड्यातलं म्हणून विकलेल्या सगळ्या वस्तू खरंच राजवाड्यात असत्या तर तिथे माणसांना राहायला जागा उरली नसती. हे वाक्य ऐकलं की किंमत वाढवू नका, तळ बघा.

चहाच्या पाण्यात किंवा बुटाच्या पॉलिशनं जुनाट केलेला नवा मालही याच बाजारात असतो. ओळखायची पद्धत सोपी. खरी झीज उंचवट्यांवर आणि तळाच्या कडेवर असते, जिथे हात लागतो आणि जिथे वस्तू सरकते. लावलेला मळ खळग्यांत सगळीकडे सारखा बसतो आणि ओल्या कापडाला रंग देतो.

ऑनलाइन. फोटोवरून घ्यायचं असेल तर पाच फोटो मागा: समोरून, मागून, तळ, आतून टॉर्च मारून, आणि बाजूला मोजपट्टी ठेवून. वजन विचारा. तळाचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की तिथेच थांबा.

काय घेऊ नये. साबरकांठ्यात पोशिन्याच्या बाजूला आणि आपल्या छोटा उदेपूरकडेही आदिवासी समाज देवाला मातीचे घोडे वाहतो. तिथे उघड्यावर रांगेनं ठेवलेले घोडे हे कुणाचं तरी फेडलेलं नवस आहेत. ते उचलून आणू नका, उचलून आणलेले विकत घेऊ नका. घोडा हवाच असेल तर त्या भागातल्या कुंभाराकडून नवा करून घ्या, त्याला पूर्ण दाम द्या.

६. मोडतोड आणि डागडुजी ओळखा

प्राण्यांचं आधी काय मोडतं? कान, शेपटी, चोच, शिंगं. म्हणून तिथूनच सुरुवात करा. दोन्ही कान एकाच ग्लेझचे आहेत का? अंधाऱ्या खोलीत जांभळी टॉर्च फिरवा. गोंद आणि नवा रंग बऱ्याचदा निळसर-पांढरा चमकतो, आजूबाजूचं ग्लेझ तसं चमकत नाही. शंका असलेली जागा गालाला लावा. ग्लेझ काचेसारखं गार लागतं, रंग तितका गार लागत नाही.

नखानं टिचकी मारून ऐका. घट्ट स्टोनवेअर खणखणतं, तडा असेल तर आवाज बसका येतो. मात्र जवळजवळ बंद असलेल्या पोकळ आकृतीला तडा नसतानाही आवाज बसका येऊ शकतो, त्यामुळे केवळ आवाजावर निकाल देऊ नका.

ग्लेझवरचं बारीक भेगांचं जाळं वेगळं. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि त्यावर जाळं पडतं. पुष्कळ कलावंत ते मुद्दाम आणतात. तो दोष नाही. पण एखादी रेघ जाळ्यात न बसता सरळ आरपार गेली असेल आणि आतल्या बाजूनंही दिसत असेल, तर तो तडा.

डागडुजी केलेली वस्तू घेऊच नये असं माझं मत नाही. चिकटवलेल्या शेपटीचं एक कोकरू माझ्या आवडत्या वस्तूंपैकी आहे. फक्त डागडुजी माहीत असायला हवी आणि किंमत त्याप्रमाणे असायला हवी.

७. भाव, पावती आणि कायदा

भावाबद्दल थोडंच सांगते. बिनसहीच्या वस्तूला तिच्या घडणीचे पैसे द्या, नावाचे नाही. महिन्याची एक रक्कम ठरवा आणि ती संपली की बाजार बंद. घासाघीस करा, पण ज्या घरातून आजीची वस्तू बाहेर पडते आहे तिथे करू नका.

पावती दर वेळी घ्या. तारीख, वस्तूचं वर्णन, उंची, मिळालेली रक्कम, देणाऱ्याचं नाव आणि सही. बाजारातला विक्रेता कंटाळा करेल. तुम्ही घरून लिहून न्या, त्याला फक्त सही करायची असते.

कायदा समजून घ्या, घाबरू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. टेराकोटाच्या अशा जुन्या मूर्तींची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी करावी लागते आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. आपल्या १९५०-६० च्या वस्तू या व्याख्येत येत नाहीत. पण बडोद्याच्या घराघरातली मुलं अमेरिकेत, आणि आईकडचा पक्षी सूटकेसमध्ये घालून नेताना विमानतळावर कुणी विचारलं तर तो पुरावस्तू नाही हे सिद्ध करणारा कागद हाताशी असलेला बरा. तसा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. त्यासाठी वस्तूचे फोटो, मापं आणि पावती लागते, म्हणून वर पावतीचा एवढा आग्रह धरला. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करू नका. वेळ हातात ठेवून अर्ज करा.

८. घरी आणल्यावर

पहिला मोह धुण्याचा होतो. आवरा. आपल्याकडे पितळ चिंचेनं घासायची आणि तांब्याला लिंबू लावायची सवय हातात बसलेली असते. मातीच्या वस्तूला चिंच, लिंबू, व्हिनेगर, राख, रांगोळी यांतलं काहीही लावू नका. कमी आचेवरच्या ग्लेझला आंबट खातं आणि चमक कायमची जाते.

- स्टोनवेअर आणि पोर्सेलिन: कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, प्लास्टिकच्या घमेल्यात खाली टॉवेल अंथरून. पोकळ प्राण्यात पाणी शिरू देऊ नका. शिरलंच तर भोक खाली करून दोन दिवस ठेवा.
- टेराकोटा: पाणी नाही. रंगाच्या मऊ कोरड्या कुंचल्यानं धूळ काढा.
- ग्लेझवर नंतर रंगवलेले डोळे, ओठ असतील: फक्त कोरडा कुंचला. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नाही.

जुन्या, कमी आचेच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. वाडग्याच्या आकाराचा बदक असला तरी त्यात चटणी-लोणचं काढू नका.

बडोद्यात राहायचं तर विश्वामित्रीचा विचार करावाच लागतो. २०१९ आणि २०२४ या दोन्ही पुरांनी शहराला काय दाखवलं ते आपल्याला माहीत आहे. पहिल्या पुरात माझ्या कपाटाच्या तळकप्प्यात पाणी आलं. टेराकोटाचा एक घोडा भिजला आणि मी घाईनं तो गच्चीवर कडक उन्हात ठेवला. आठवड्याभरात अंगावर पांढरी भुकटी फुटली आणि एका पायाचा पापुद्रा सुटला. पुराच्या पाण्यातले क्षार मातीत शिरतात आणि पाणी झपाट्यानं उडालं की पृष्ठभागाशी येऊन फुटतात. असं भिजलं तर सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्याखाली न ठेवता, कागदावर कोरडं होऊ द्या. दोन-तीन आठवडे लागले तरी लागू देत. भुकटी पुन्हा पुन्हा येत राहिली तर विद्यापीठाच्या म्युझियॉलॉजी विभागात जाऊन विचारा. हा विभाग १९५२ पासून आहे आणि वस्तू टिकवण्याचं शास्त्र तिथे शिकवतात.

त्यानंतर माझ्या तळकप्प्यात फक्त स्टोनवेअर असतं, टेराकोटा वरच्या कप्प्यात.

मांडताना वस्तूंमध्ये दोन बोटांचं अंतर सोडा. २००१ चा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना सांगायला नको, पण नव्यांनी तळाखाली म्युझियम वॅक्सचे तीन लहान गोळे लावावेत. हे मेण नंतर वस्तू हलकेच फिरवली की सुटतं. टेराकोटाला मात्र लावू नका, ती तेलकट डाग धरते.

उचलताना नेहमी अंगाला दोन्ही हातांनी धरा. मान, शेपटी, कान धरून कधीही नाही, आणि घरातल्या लहान मुलांना हे पहिल्यांदा शिकवा. मुलांना हात लावू द्या, खाली बसवून, मांडीवर पंचा अंथरून. ही खेळणी म्हणून घडलेली आहेत.

९. वही

प्रत्येक वस्तूला आकडा द्या. तो आकडा मऊ पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहून पोकळ वस्तूच्या आत सरकवा किंवा तळाला सुती दोऱ्यानं बांधा. वस्तूवर पेननं लिहू नका, चिकटपट्टी लावू नका. वहीत आकड्यापुढे माप, वजन, माती, ग्लेझ, खुणा, मोडतोड, कुठून आली, कधी आली, किती पैसे, आणि देणाऱ्यानं सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असं स्पष्ट लिहा. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या आणखी एकाकडे ठेवा.

ज्यांच्याकडून गोष्ट मिळू शकते ती माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत. काकू, मामी, शेजारच्या आजी, फॅकल्टीतून निवृत्त झालेले कुणी. वस्तू पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल, त्यांना भेटायला या रविवारी जा आणि वही सोबत न्या.

माझ्या वहीतलं पहिलं पान नमुन्यासाठी देते:

आकडा १. बसलेलं मांजर. उंची १४ सेंमी, वजन ६२० ग्रॅम. स्टोनवेअर, हातानं घडवलेलं, आत बोटांचे दाब. मधाळ तपकिरी ग्लेझ, पोटाशी हिरवट ओघळ, तळ कोरा, मधोमध भोक. सही नाही. मोडतोड नाही. दांडिया बाजारातल्या आत्याच्या घरातून. चैत्रगौरीच्या आराशीत खालच्या पायरीवर ठेवत. ऐकीव (आतेभावाकडून): आत्याच्या लग्नाआधीपासून घरात नव्हतं, नंतर आलं. कोणी घडवलं: नोंद नाही. उजवा कान मोठा.